गाठ बोलते

किस्से साठतात, ते सांगायला जागा नसते म्हणून. आमच्या शनिवारच्या खोलीतले किस्से बाहेर सांगायची सोयच नाही. मी एकदा प्रयत्न केला. जुने सहकारी एका रिसेप्शनला भेटले होते, मी त्यांना त्यातल्या त्यात हसवणारा किस्सा सांगितला. एकाने हातातला समोसा परत प्लेटमध्ये ठेवला. दुसरा म्हणाला, "सर, तुम्ही सकाळी फिरायला जात जा जरा." तेव्हापासून मी बाहेर सांगणं बंद केलं. पण साठलेलं कुठेतरी रिकामं करावंच लागतं, म्हणून आज लिहायला बसलो. नावं सगळी बदलली आहेत. माझं बदलायची गरज नाही, मला सगळे नुसतं सरच म्हणतात.

मी नागपूरच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायचो. निवृत्त झालो आणि चौथ्याच महिन्यात बायकोच्या, नलिनीच्या, डोक्यात गाठ निघाली. कॅन्सरची. त्यानंतर ती दीड वर्ष होती. ती गेल्यावरही मी शनिवारचा दवाखाना सोडला नाही. मुलगा पुण्याहून फोनवर विचारायचा, बाबा, आता तिथं तुमचं काय काम? मला त्याला उत्तर देता यायचं नाही. हुडकेश्वरच्या त्या घरात शनिवारी सकाळी अकरा वाजता मी काय करू, हा माझा प्रश्न होता, पण तो मी त्याला विचारला नाही.

खोली म्हणजे दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर पूर्वी जुन्या एक्स-रे फिल्म ठेवायचे ती. लोखंडी रॅक अजून तशाच आहेत. मेंदूच्या कॅन्सरच्या पेशंटना शनिवारी अकरा ते बारा शेजारच्या हॉलमध्ये व्यायाम देतात. त्या तासात सोबतच्या माणसांनी बाहेरच्या बाकावर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचं, अशी आधीची पद्धत होती. वैशाली मॅडम म्हणून तिथे सोशल वर्कर आहेत. त्यांनी ती खोली झाडून घेतली, खुर्च्या गोल मांडल्या, चहाचा थर्मास ठेवला आणि आम्हाला सांगितलं, "हा तास तुमचा."

आमचा म्हणजे नेमका कोणाचा, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

*

मॅडमचा एक नियम आहे. त्या खोलीत कोणी कोणाला 'पेशंट कसा आहे' असं विचारायचं नाही. पहिला प्रश्न ठरलेला: 'तुम्ही जेवलात का?'

गजाननराव पहिल्यांदा आले तेव्हाचं सांगतो. किराणा दुकानदार माणूस, बोलका, अंगाने भरलेला. बायकोला, सुनंदावहिनींना, हॉलमध्ये सोडून धापा टाकत आत आले. मॅडमनी विचारलं, जेवलात का? ते म्हणाले, "हो, एक पोळी खाल्ली, वरण-भात खाल्ला. पण गिळाले जरा तरास झाला."

मॅडमनी काळजीने विचारलं, तुमच्या घशाला काय झालं?

गजाननरावांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला. मग हॉलच्या दाराकडे पाहिलं. "माह्या नाही, तिच्या," म्हणाले. मग बराच वेळ आठवत बसले. सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतलेला नव्हता.

आम्ही हसलो, पण हसायचा अधिकार कोणालाच नव्हता. आम्ही सगळे तसंच बोलतो. 'आम्हाला काल फिट आली.' 'आमची केमो सोमवारी आहे.' गजाननरावांना त्याच आठवड्यात चक्कर आली म्हणून खालच्या नर्सने त्यांचं बीपी मोजलं आणि नाव विचारलं, तर त्यांनी सुनंदा सांगितलं. नर्स नवी होती. तिने पट्टा सोडता सोडता त्यांच्या मिशांकडे एकदा पाहिलं आणि मुकाट्याने सुनंदाच लिहिलं.

*

सुनंदावहिनींचं एक वेगळंच होतं. त्यांना डावीकडचं दिसायचं, पण कळायचं नाही. डावीकडे कोणी बसलं तर त्यांच्या लेखी तो माणूस आलेलाच नसायचा. ताटात डावीकडे वाढलेलं तसंच राहायचं, आणि त्या म्हणायच्या, आज भाजी केलीच नाही का? मग गजाननरावांनी युक्ती काढली. जेवण अर्धं झालं की ताट हलकेच अर्धं फिरवायचं. डावीकडचं उजवीकडे येतं. वहिनी म्हणायच्या, "अगं बाई, भाजी आहे की." वर्षभर दोन्ही वेळा त्यांनी ते ताट फिरवलं.

वहिनी गेल्यावर चार महिन्यांनी ते भाचीच्या लग्नाला गेले. पंगत होती. शेजारी नवऱ्या मुलाकडचे कोणी वयस्क गृहस्थ बसले होते, ओळख ना देख. ते गृहस्थ निवांत जेवत होते, बोलत होते, आणि डावीकडची आमटी त्यांनी शेवटी घ्यायची म्हणून ठेवली होती. गजाननरावांनी बोलता बोलता हात पुढे केला आणि त्यांचं ताट अर्धं फिरवलं.

गृहस्थांचा घास हातात राहिला. "काय करून राहिले?"

"इकडचं राहून गेलं ना तुमचं," गजाननराव म्हणाले.

म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते उठून हात धुवायला गेले ते पंगतीत परत आलेच नाहीत. गाडी काढून थेट घरी. नंतर भाचीने फोनवर सांगितलं, ते गृहस्थ सगळ्यांना विचारत होते, माझ्या शेजारी बसलेला तो माणूस कोण होता? आणि म्हणे आमटी त्यांनी संपवली.

*

आता माझं सांगतो. नलिनीची गाठ कपाळाच्या मागे होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की बोलण्यावरचा ताबा जाईल, मनात येईल ते तोंडातून निघेल, वाईट वाटून घेऊ नका.

माझे थोरले बंधू दर रविवारी तिला बघायला यायचे. 'सगळं ठीक होईल' हे एक वाक्य म्हणायचे आणि मग माझ्या हातचे पोहे खात तासभर देशाच्या परिस्थितीवर बोलायचे. नलिनीने उभ्या आयुष्यात दादांसमोर मान वर केली नव्हती. एका रविवारी ती उशीवरून त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मला पाहायला येत नाही. पोहे खायला येता."

दादांनी बशी खाली ठेवली. मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलो. म्हणालो, दादा, मनावर घेऊ नका, ती नाही बोलली, गाठ बोलली.

हे मी खोलीत सांगितलं तर सगळे डोळे पुसेपर्यंत हसले. कारण तिच्या तोंडून आयुष्यात एक खरं वाक्य निघालं, आणि ते नेमकं गाठीच्या नावावर गेलं. पण तेव्हापासून 'गाठ बोलते' हे आमच्या खोलीचं वाक्य झालं. मॅडमही वापरायला लागल्या. कोणाला घरी शिव्या खाव्या लागल्या, कोणावर पेला फेकला गेला, की आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, हे तो माणूस नाही, गाठ बोलते. आणि त्या वाक्याने खरंच बरं वाटायचं. ते वाक्य घेऊन माणूस परत हॉलमध्ये जायचा आणि त्याच पेशंटच्या पायात चप्पल घालायचा.

मी एक मात्र सांगितलं नाही. नलिनी एकदा मलाही म्हणाली होती, "तुम्ही मला कधी पुरतं बोलूच दिलं नाही." तेव्हाही ती पुढे काहीतरी बोलणार होती, आणि मी तिला म्हणालो, आधी ती गोळी घे. तिने गोळी घेतली. पुढचं राहून गेलं. ते गाठीचं बोलणं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

*

मंदाताई उमरेडच्या. यजमान देवराव तिकडच्या कोळसा खाणीत पंप ऑपरेटर. शनिवारी सकाळच्या एसटीने दोघं यायचे. ती त्यांना खिडकीशी बसवायची आणि स्वतः कडेला, म्हणजे तोल गेला तर तिच्या अंगावर जातील. खोलीत ती दाराजवळची खुर्ची घ्यायची, पिशवी मांडीवर. जेवलात का, या प्रश्नाला "जेवली" एवढंच उत्तर. तीन महिने आम्ही तिच्याकडून एवढाच एक शब्द ऐकला.

देवराव हा आमच्यातला सगळ्यात शांत पेशंट. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी आवाज चढवला नव्हता, असं तिने पुढे कधीतरी सांगितलं. एका शनिवारी ती स्वतःहून बोलायला लागली तेव्हा सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"काल घास भरवून राहिली होती," ती म्हणाली. "चमचा तोंडापाशी नेला. त्याईनं माह्याकडे पाह्यलं आन म्हणलं, मले तू कधीच नोको होती. लोकाईनं गळ्यात बांधली. मंग तोंड उघडलं आन घास घेतला."

मॅडमनी विचारलं, रागात होते का?

"नाही. पाणी दे म्हणल्यासारखं म्हणलं."

मॅडमनी तिला समजावलं, की हे ते नव्हेत, आजार बोलतोय. गजाननराव म्हणाले, "गाठ बोलते हो बाई. इथं सगळ्याईची बोलते." मीही मान हलवली. मंदाताईने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसली. बारा वाजले तेव्हा उठता उठता एवढंच म्हणाली, की गाठीला आमच्या लग्नाचं कसं काय माहीत?

*

ती डॉक्टरांनाही विचारून आली. मी त्या दिवशी तिच्यासोबत होतो, कारण देवरावांना धरायला दुसरं माणूस लागायचं. आमचे डॉक्टर भले गृहस्थ. बाहेर गर्दी असूनही त्यांनी एमआरआयची फिल्म दिव्यावर लावून तिला दाखवली. ही गाठ, ही भोवतालची सूज, इथे दाब पडतो म्हणून स्वभाव बदलतो.

मंदाताई पदराने चष्मा पुसून फिल्मजवळ गेली. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, ते जे बोलले ते याच्यात कुठं हाय?

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "मावशी, मला यात सूज दिसते. वाक्य दिसत नाही."

"मंग ते खोटं बोलले का खरं, हे तुम्हाले नाही सांगता येत."

"नाही येत," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर मला वाटलं ती रडेल. पण ती म्हणाली, हा डॉक्टर चांगला आहे.

*

मग एक शनिवार असा आला की आमची सगळ्यांची पंचाईत झाली.

डॉक्टरांनी सूज उतरायचं औषध बदललं होतं. देवराव त्या आठवड्यात जरा हुशार दिसत होते. बारा वाजता आम्ही हॉलमध्ये गेलो तेव्हा ते दोन दांड्यांच्या मध्ये उभे होते, व्यायाम घेणारी मुलगी त्यांना पावलं मोजून देत होती. मंदाताईला पाहिल्यावर ते थांबले आणि त्या मुलीला मोठ्याने म्हणाले, "हे माही बायको. हे नसती तं मी कधीचा मेलो असतो. लय चांगली बाई हाय."

त्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मॅडमचे डोळे भरून आले. मला तर इतका आनंद झाला की मी गजाननरावांचा हातच धरला. गजाननराव म्हणाले, "ऐकलं का बाई? झालं ना आता समाधान?"

मंदाताई खाली बसून देवरावांच्या पायात चप्पल घालत होती. तिने पट्टा लावला, दुसऱ्या पायाचा लावला आणि मग वर पाहिलं.

"मॅडम, वाईट बोलले तवा तुम्ही म्हणलं, हे ते नाहीत, गाठ बोलून राहिली. मंग आता हे कोण बोललं?"

वैशाली मॅडमकडे सगळ्याचं उत्तर असतं. फॉर्म कुठे मिळतो, झोप लागली नाही तर काय करायचं, नातेवाइकांना कसं गप्प करायचं. त्या दिवशी त्या वाकल्या आणि मंदाताईने लावलेला चपलेचा पट्टा पुन्हा लावायला लागल्या. आणि त्या दिवसानंतर 'गाठ बोलते' हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. आम्हीही सोडलं. कोणी ठरवलं नाही, पण सुटलं.

जिना उतरताना देवराव आमच्या दोघांच्या मध्ये होते. त्यांच्या डोक्यावरून ती माझ्याशी बोलली.

"गाठीनं म्हणलं असन तरी मी त्याईचं करीन. त्याईनं म्हणलं असन तरी करीनच. सोडून थोडी जाणार हाव. पण मले माहीत तं पाह्यजे ना भाऊ, मी कोणाचं करून राहिली."

देवराव पायऱ्या मोजत होते.

*

तिनेच सांगितलं की देवरावांची मोठी बहीण नागपुरातच, लकडगंजात असते. लग्न जमवण्यात तीच पुढे होती. तिला माहीत असेल. पण देवरावांना सोडून जाणार कशी? फोनवर हे विचारायचं नव्हतं.

गजाननराव म्हणाले, मी बसतो त्यांच्यापाशी. पुढच्या शनिवारी ते घरून डबा घेऊन आले. मंदाताईने त्यांना अर्धा तास समजावलं, पाणी कसं पाजायचं, डोकं कसं धरायचं. गजाननराव वर्षभर हेच करत होते, पण त्यांनी नवख्यासारखं सगळं ऐकून घेतलं. मग मी तिला स्कूटरवर बसवून निघालो. ती म्हणाली, दोन वर्षांत आज पहिल्यांदा हात रिकामे आहेत. आणि तिने ते हात कुठे ठेवावे ते न कळून पूर्ण रस्ता मांडीवर उपडे ठेवले.

त्या बहिणीचं, आक्कांचं, घर आरामशिनींच्या गल्लीत. लाकूड कापायचा आवाज थेट ओसरीपर्यंत. आक्का सत्तरीच्या, खाली बसून हिरव्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होत्या. भावाची चौकशी केली, डोळ्याला पदर लावला, चहा ठेवायला सुनेला सांगितलं. मी बाहेर थांबतो म्हणालो तर मंदाताई म्हणाली, बसा भाऊ, तुमच्यापासून काय लपवायचं.

तिने सरळ विचारलं. म्हणाली, आक्का, मले पाहाले आले होते तवा हे काय म्हणाले होते?

"आता सांगून काय होते वं?"

"मले पाह्यजे आक्का."

आक्कांनी दोन-चार काड्या निवडल्या. मग खाली बघूनच बोलल्या. "नाही म्हणला होता तो. दोन रोज जेवला नाही. बाबानं अंगणात उभा करून दोन ठेवून देल्या, तवा हो म्हणला."

"दुसरी कोणी होती का मनात?"

"नाही वं. तसं काही नोतं. तू नोको होती, बस." आणि मग घाईघाईने म्हणाल्या, की लग्नानंतर मात्र त्याने कधी तोंडातून काढलं नाही, अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही.

मशीन त्याच वेळी थांबली की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. मंदाताईने हात पुढे केला, जुडीतला अर्धा सांबार आपल्याकडे ओढला आणि निवडायला बसली. दोघी नणंदा-भावजया एकमेकींकडे न बघता पानं वेगळी करत राहिल्या. सगळी जुडी झाली. मग तिने आक्कांना गुडघे कसे आहेत ते विचारलं, त्यांच्या पाया पडली आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर ती काही बोलेल म्हणून मी स्कूटर हळू चालवत होतो. सिग्नलला थांबलो तेव्हा ती बोलली. म्हणाली, घरी जाऊन वरण टाकावं लागेल, त्यांना पातळ लागतं. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, की अठ्ठावीस वर्षं गप्प राहिले ते मनात नसेल म्हणूनच, किंवा आणखी काही. आयुष्यभर दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घातलं, आणि त्या दिवशी एक वाक्य सुचलं नाही.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा गजाननराव देवरावांना जेवू घालत होते. देवरावांना डावंउजवं सगळं कळायचं, तरी मध्येच ताट फिरवलं त्यांनी. मंदाताईने त्यांच्या हातातून चमचा घेतला आणि उरलेला भात भरवला. देवरावांनी सगळा खाल्ला. तिने त्यांचं तोंड पुसलं, जसं रोज पुसायची तसंच, कमी नाही की जास्त नाही. मी मुद्दाम पाहत होतो.

आक्का काय बोलल्या ते तिने कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. गजाननरावांनी मला दोनदा आडून विचारलं, मी विषय बदलला.

*

देवराव उन्हाळ्यात गेले. शेवटचा महिना त्यांचं बोलणं पूर्ण बंद झालं होतं, त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही संपलं. आम्ही उमरेडला तेरवीला जाऊन आलो. मंदाताई पुन्हा दवाखान्यात येईल असं मला वाटलं नव्हतं. त्या जिन्याचं तोंड कोण परत बघेल? पण त्याच्या पुढच्या शनिवारी अकराला ती दारात उभी. एसटीने एकटीच आली होती. दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवर. मॅडमनी विचारलं, जेवलात का? "जेवली," म्हणाली.

त्याच दिवशी एक नवी मुलगी आली होती. पूजा. लग्नाला तीन वर्षं, वर्षाची पोर आईकडे ठेवून आली होती. नवरा एकतीस वर्षांचा, हॉलमध्ये. तिला जेवलीस का विचारलं तर ती म्हणाली, त्यांनी नाश्ता फेकून दिला. मग कागदी कपाची कड नखाने कुरतडत ती मॅडमना विचारायला लागली.

"ते म्हणतात, तू घरात आलीस आणि मला हे लागलं. तुझं तोंड पाहिलं की डोकं ठणकतं म्हणतात. पोरीलाही जवळ येऊ देत नाहीत. सासूबाई म्हणतात, आजारी माणूस आहे, सोडून दे. पण मॅडम, त्यांच्या मनात खरंच असं असेल का? आधीपासूनच असेल का?"

मॅडमनी थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं. गजाननराव फरशीकडे पाहत होते. जे वाक्य आम्ही इतके दिवस सगळ्यांना देत आलो, ते त्या खोलीत कोणाच्याही तोंडून निघेना. ती मुलगी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. शेजारच्या हॉलमधून पावलं मोजण्याचा आवाज येत होता.

मंदाताई उठली. खुर्ची ओढत पूजाच्या शेजारी नेली आणि बसली.

"गाठ बोलते वं ते. माह्यावाले बी बोलले होते, याच्याहून वाईट."

"पण खरंच तसं वाटत असेल तर?"

"नाही वाटत. मी पक्कं करून आली. त्याईच्या मोठ्या बहिणीच्या घरी जाऊन विचारलं. ते म्हणाली, असं त्याच्या मनात कधीच नोतं. पसंत करून केली होती त्यानं तुले."

पूजाचं नख थांबलं. "खरंच?"

"खोटं वाटत असन तं सरले विचार. सर होते माह्या संगं."

पूजाने माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पाहिलं, गजाननरावांनी पाहिलं. मंदाताईने मात्र पाहिलं नाही. ती पूजाच्या हातातून तो कुरतडलेला कप काढून घेत होती.

"हो," मी म्हणालो. "मी होतो."